लॅमिंग्टनची पुढची सोय

मूंटा, दक्षिण ऑस्ट्रेलिया
जुलै

चि. लायल यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (तू मागितले नसलेस तरी पाठवते आहे, घरात पडूनच होते.) तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या कोरालीच्या शिंका थांबल्या का? तुमच्याकडे टाउन्सव्हिलला भर जुलैत लोक अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून हिंडतात, तेव्हा थंडी कशाशी खातात हे तुला आता आठवतही नसेल. इथे समुद्रावरून वारा सुटलाय, माझ्या बोटांचे सांधे दुखतायत, आणि तरी मी हाताने पत्र लिहिते आहे, यावरून प्रकरण काय थराला गेलंय ते समजून घे. फोन केला असता, पण फोनवर तू मधेमधे बोलतोस, आणि तू नाही बोललास तर कोराली दुसऱ्या खोलीतल्या फोनवरून बोलते. बाकी माझी प्रकृती ठणठणीत आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण हल्ली लोक माझी प्रकृती ज्या सुरात विचारतात तो सूर मला बिलकूल आवडत नाही.

तर विषय असा, की माझ्या घरात सध्या एक कुत्रा आहे. दचकू नकोस. तो माझा नाही. तो माझ्याकडे चाचणीवर आहे, म्हणजे खरं तर मीच त्याच्याकडे चाचणीवर आहे, आणि माझ्याकडून एक अट पुरी झाली नाही तर येत्या रविवारी ते लोक त्याला गाडीत घालून परत नेणार आहेत. नेईनात का! मला त्याचं सोयरसुतक नाही. पण ज्या रीतीने हे सगळं चाललंय त्याविषयी कुणापाशी तरी बोलल्याशिवाय माझं डोकं शांत व्हायचं नाही, आणि माझा गॉर्डन वारल्यापासून माझं बोलणं मुकाट्याने ऐकून घेणारं या घरात कुणी उरलेलं नाही. (कुत्रा ऐकतो. पण विषयच त्याचा असल्यामुळे त्याच्या तोंडावर बोलणं बरं दिसत नाही.)

मला मुळात मांजर हवं होतं. प्रौढ, अबोल, खिडकीत बसून राहणारं. कडिनाच्या लायब्ररीत एका प्राणी वाचवणाऱ्या संस्थेचं पत्रक चिकटवलेलं होतं, त्यावर ॲडलेडचा पत्ता. मी शेजारच्या कॉलिन पॅस्कोकडून त्याचा कोंबड्या न्यायचा पिंजरा मागून आणला, गाडीत टाकला, आणि सकाळभर गाडी हाकत ॲडलेडला पोचले. तर तो पत्ता म्हणजे काय निघालं असेल? पोस्टातली एक पेटी! पिंजरा हातात धरून मी पोस्टाच्या मधोमध उभी, आणि खिडकीतला माणूस मला गोड आवाजात सांगतोय, "बाई, जिवंत कोंबड्या आपण घेत नाही हं." तिथूनच मी संस्थेला फोन लावला, तेव्हा कळलं की संस्थेला कुत्री आहेत, मांजरं आहेत, अध्यक्ष आहे, खजिनदार आहे, फक्त जागा नाही. जनावरं सगळी कार्यकर्त्यांच्या घरोघरी राहतात, त्यांच्या सोफ्यांवर लोळतात, आणि नवं घर मिळालं की तिकडे जातात. हे मला फोनवर जनेल नावाच्या मुलीने समजावलं. वर म्हणाली, आधी आम्ही तुमचं घर बघायला येऊ. मला वाटत होतं मी प्राणी आणायला निघाले आहे. प्रत्यक्षात माझंच स्थळ एका प्राण्याला दाखवायचं होतं.

आणि मांजराची गोष्ट तर तिने चार प्रश्नांत मोडीत काढली. एकट्याच राहता? घर शांत? अंगणाला कुंपण? रात्री लवकर झोपता? मग तुम्ही मांजराच्या नाही, ग्रेहाउंडच्या बाई आहात, म्हणाली. लायल, आयुष्यभर मला लोक काय काय म्हणाले, शाळेच्या कँटीनमध्ये पोरं तर पाठीमागे वाट्टेल ते म्हणायची, पण ग्रेहाउंडची बाई मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, अगं, तो शर्यतीचा कुत्रा, वाऱ्यासारखा पळणारा, आणि मला पायरी उतरायची तर कठडा धरावा लागतो. तर म्हणते कशी, "पळून पळून तो कंटाळलेला असतो हो. शर्यत सुटली की दिवसभर नुसता झोपतो." म्हणजे माझ्याविषयी तिची कल्पना काय झाली होती ते तूच बघ.

मग ती आली घर बघायला. विशीतली पोर, हातात मोजपट्टी. कँटीन चालवायचे तेव्हा माझ्याकडे आरोग्य खात्याचे लोक यायचे, पण त्यांनीसुद्धा कधी माझ्या पलंगाखाली डोकावून बघितलं नव्हतं. हिने बघितलं. कुंपणाची उंची मोजली आणि तोंड वाकडं केलं. मागच्या फाटकाची कडी हलवून बघितली आणि अजून वाकडं केलं. कुंपणापलीकडून कॉलिन आपल्या कोंबड्यांसकट हा तमाशा बघत होता, तो ओरडला, "काय गं व्हर्ना, तू दत्तक घेतेयस की तुला कुणी दत्तक घेतंय?" मी त्याला आत जायला सांगितलं. (पुढे त्यानेच दोन दिवस खपून कुंपण उंच केलं आणि कडी बदलली, ते निराळं. पण बोलणं लागतं ते लागतंच.)

एवढं होऊनही मी तिला माणुसकीने चहा दिला, स्कोन दिले, वर घरचा जर्दाळूचा जॅम दिला. आणि माझाच स्कोन तोंडात असताना त्या पोरीने मला विचारलं, की तुमच्यानंतर कोण? मला आधी कळलंच नाही. मला वाटलं बोल्स खेळायच्या क्लबात माझ्या जागेवर माझ्यानंतर कोण, कारण तो प्रश्न तिथे सगळे दबक्या आवाजात विचारतात. तर म्हणे तसं नाही. कुत्रा चार वर्षांचा आहे, अजून दहा वर्षं सहज जगेल, आणि सत्तरीपुढच्या माणसाला प्राणी द्यायचा तर त्याच्या पश्चात तो कोण सांभाळील हे आधी ठरवायचं, त्या माणसाने स्वतः हो म्हणायचं, असा संस्थेचा नियम आहे. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या! माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझा जॅम खाऊन, तोंड वर करून मला विचारते मी मरणार केव्हा! मी म्हटलं, मी कुठेही जात नाहीये. ती म्हणाली, "नाही हो, पण कुणी नात्यातलं?" मी म्हटलं, एक भाऊ आहे, टाउन्सव्हिलला, पण त्याच्या दिवाणखान्यात पांढरा गालिचा आहे आणि तो पाहुण्यांना बूट बाहेर काढायला लावतो, कुत्र्याने पाय कुठे काढून ठेवायचे? ती हसली नाही. चाचणीपुरता कुत्रा देते, म्हणाली, पण ही अट तेवढी पुरी करा. ती गेल्यावर मी स्कोनचा डबा इतक्या जोरात मिटला की झाकणाला पोचा आला.

कुत्रा घेऊन आली ती रेलीन. ही त्याला आतापर्यंत आपल्या घरी कापुंडाला ठेवून घेणारी बाई. स्वतःला त्याची तात्पुरती आई म्हणवते. हिच्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला ती खाण्याच्या जिनसांवरून नावं ठेवते. एक होता स्कोन, एक पावलोवा, आणि माझ्या नशिबी आला लॅमिंग्टन. सांग, खोबऱ्यात लोळवलेल्या केकचं नाव या वयात मी भर रस्त्यात कसं हाकारायचं? त्यातून तो आला तो गाडीतून मेंढ्यांची चित्रं असलेला पायजमा घालून. (ग्रेहाउंडच्या अंगाला चरबी नसते, थंडी बाधते, असं रेलीनचं म्हणणं. हे खरं आहे. मी आता त्याला लोकरीचा विणते आहे, पण तो विषय वेगळा.) उंच, करडा, आणि चेहरा असा की नुकताच कुणाच्या तरी अंत्यविधीहून परतलाय. जन्म सगळा शर्यतीच्या खुराड्यात गेलेला, आणि रेलीनचं घर बैठं, त्यामुळे पायरी म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नाही. माझ्या व्हरांड्याला तीन पायऱ्या. रेलीन त्याचे पुढचे पाय एकेक करून वर ठेवते आहे, कॉलिन मागून ढकलतो आहे, मी कठडा धरून सूचना देते आहे, आणि तो मध्येच थबकून आमच्या तिघांकडे असा बघतोय की यांना कुणीतरी सांभाळायला हवं. आत आला, तर बसेना. ते बसत नाहीत म्हणे, पायांचे स्नायूच तसे. खुर्ची न दाखवलेल्या पाहुण्यासारखा दिवाणखान्यात नुसता उभा. शेवटी मलाच अवघडल्यासारखं होऊन मीही उभी राहिले.

आणि मग निघताना ती रेलीन रडायला लागली! दर दोन-तीन महिन्यांनी कुत्रं आणायचं, सांभाळायचं आणि देऊन टाकायचं हेच जिने अंगावर घेतलंय, तिने माझ्या फाटकाशी उभं राहून हमसून हमसून रडावं, याला काय म्हणावं? मी तिला माझा रुमाल दिला. (अजून परत आलेला नाही.) तिला गाडीपर्यंत पोचवून, दोन शब्द बोलून परत येईपर्यंत फार तर पाच मिनिटं झाली असतील. पण चर्चच्या हिवाळी विक्रीसाठी मी सकाळपासून सारण भरून पॅस्ट्या भाजत होते, आणि त्यांचं अख्खं ताट ओट्यावर निवत ठेवलं होतं. लायल, ग्रेहाउंडचं तोंड ओट्याच्या बरोबर उंचीला येतं. हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. पलंगाखाली बघितलं, पण ओट्याकडे बघायचं त्या जनेलला सुचलं नाही! ताट चाटूनपुसून लख्ख, आणि हा पहिल्याच जागी, त्याच अंत्यविधीच्या चेहऱ्याने उभा.

मी हसले असते, पण मग आठवलं की रेलीन दोनदा बजावून गेली होती, की काहीही चालेल पण कांदा नको, कुत्र्याच्या रक्तात त्याचं विष होतं. आणि पॅस्टीत काय असतं? मांस, बटाटा, सलगम आणि कांदा. आपले पूर्वज इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून इथल्या तांब्याच्या खाणीत उतरले तेव्हापासून तेच असतं. कॉलिनला हाका मारल्या, दोघांनी मिळून त्याला माझ्या एवढ्याशा गाडीत कोंबलं, तर त्याचं धड मागे आणि डोकं माझ्या खांद्यावर. तसाच तो कडिनाच्या जनावरांच्या डॉक्टरपर्यंत आला. मी गाडी कशी चालवली ते पोलिसांना न कळलेलं बरं. डॉक्टरने त्याला आत नेलं, इंजेक्शन दिलं, आणि मी बाहेर बाकावर त्याचा मेंढ्यांचा पायजमा मांडीवर घेऊन बसले. मी घाबरले होते. उगाच कशाला खोटं लिहू. गॉर्डनच्या वेळी जशी बसले होते तशीच बसले होते, आणि तासाभराच्या ओळखीच्या कुत्र्यासाठी आपण असं बसावं याचाही मला राग येत होता.

पुढे जे झालं ते मात्र मी कधी विसरणार नाही. आतून तो डॉक्टर पोरगा बाहेर आला. पॅस्ट्या सगळ्या बाहेर पडल्या होत्या, बऱ्याचशा आख्ख्याच, कारण या गृहस्थाने चावण्याचे कष्टच घेतले नव्हते. डॉक्टरने हातमोजा घालून त्यातलं सारण उकलून बघितलं होतं. आणि भरल्या बाकांसमोर, जिथे मूंटाची दोन आणि वॉलारूचं एक माणूस आपापली मांजरं घेऊन बसलं होतं, तिथे तो मला म्हणाला, "काळजीचं कारण नाही, मिसेस ट्रेझाइज. यात कांदा फारसा नव्हताच. नावापुरता." नावापुरता! माझ्या पॅस्टीत! तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे कुत्रा वाचला याचा आनंद मानायचा, की पिढ्यान्‌पिढ्यांची अब्रू गेली याचं दुःख करायचं, हे मला अजून समजलेलं नाही. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये सगळ्यांना ठाऊक. मर्टल ऑट्स, जिची पॅस्टी खाऊन माणूस दोन दिवस पाणी पितो, ती माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "व्हर्ना, कांद्याचे भाव किती चढलेत नाही गं?" मी तिला काय उत्तर दिलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

घरी आल्यावर मी रेलीनला फोन करून सगळं सांगून टाकलं. मनाची तयारी केली होती, की आता येतील आणि नेतील, ठीकच आहे, पहिल्याच दिवशी जनावराला विष घालणाऱ्या बाईकडे कोण ठेवील. तर रेलीन म्हणाली, "अहो, माझ्याकडे आल्या आल्या त्याने ईस्टरचं अख्खं हॅम खाल्लं होतं, हाडासकट. तुम्ही जेवलात का काही?" म्हणजे साधं रागवायचंसुद्धा नाही! मी भांडायच्या तयारीने उभी होते, आणि तिने मलाच जेवायला लावलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिचा फोन येतो, तो कसा आहे म्हणून. मी सांगते, झोपलाय. तेवढंच बोलणं. पण साडेपाचला फोन वाजला नाही तर मी घड्याळाकडे बघते, ही सवय मला कुणी लावायला सांगितली होती?

आणि काल जनेलचा निरोप आला. ॲडलेडचं एक कुटुंब आहे म्हणे, दोन मुलं, पोहण्याचा तलाव, उड्या मारायची जाळी. त्यांनाही लॅमिंग्टन पसंत आहे. तरुण माणसं, त्यांच्या बाबतीत 'नंतर कोण' हा प्रश्नच येत नाही. माझी अट रविवारपर्यंत पुरी झाली नाही तर तो तिकडे. मी जनेलला स्पष्ट सांगितलं, खुशाल न्या. फक्त त्याला पोहता येत नाही हे त्यांना सांगा. आणि कुणी मोठ्याने शिंकलं तरी तो टेबलाखाली जातो, तिथून त्याला ओढायचं नाही, आपण खाली बसून वाट बघायची. आणि सकाळी तो आपणहोऊन उठेपर्यंत पडदा उघडायचा नाही. आणि त्याला लॅमिंग्टन म्हणून हाक मारली तरच तो येतो, आधी मीही दुसरी नावं लावून बघितली आहेत. ती म्हणाली, हे सगळं तुम्हाला दहा दिवसांत कळलं? मी फोन ठेवून दिला.

तर असं आहे सगळं. माझं म्हणणं इतकंच, की या वयात माणसाने स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशांनी एक साधं जनावर ठेवायचं म्हटलं तर इतक्या लोकांनी इतके प्रश्न विचारण्याचं काही कारण नाही. तुला पटत असेल तर ठीक, नसेल पटत तरी कळवायची घाई करू नकोस. कोरालीला माझा नमस्कार. गुडघ्यावर निलगिरीचं तेल चोळ.

तुझी थोरली बहीण,
व्हर्ना

ता. क. — गुरुवारी संध्याकाळी तुम्हा दोघांचं जेवण झालं की जनेलचा फोन येईल. तुझा नंबर मी दिला आहे. (पत्र जलद टपालाने टाकते आहे, त्याआधी पोचेल.) ती तुला विचारील, की व्हर्नाबाईंच्या नंतर लॅमिंग्टनला तुम्ही घ्याल का. तू 'हो' म्हण. नुसतं 'हो'. गालिच्याचा विषय काढू नकोस, आणि शक्य झालं तर कोरालीला त्या वेळी बाहेर फिरायला पाठव.

आणखी एक ता. क. — वरचं लिहून झाल्यावर पाकीट बंद करत होते, आणि मनात आलं की तू फोनवर हो म्हणशील आणि गालातल्या गालात हसशील, कारण म्हणायला काय जातं. मीही आधी तसंच ठरवलं होतं. पण तसं नको, लायल. त्या पोरीने विचारलं म्हणून मी रागावले नव्हते. तिने विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून रागावले. चहा संपेपर्यंत माणसं आठवत बसले होते, आणि तुझ्यापाशी येऊन थांबले. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, कारण लहानपणापासून तुला सांगायचीच सवय लागली आहे. मागायचं कसं असतं ते नीट जमत नाही. हे मागणं आहे. नाही म्हणायचं असेल तर गुरुवारच्या आत मला म्हण, तिला नको. मी त्याला ॲडलेडला जाऊ देईन आणि तुझ्यावर रुसणार नाही. (थोडी रुसेन.)

शेवटचा ता. क. — हो म्हणणार असशील तर तुझा एक जुना शर्ट टपालाने पाठवून दे. रेलीन म्हणते, कुत्र्याला माणूस आधी वासाने ठाऊक व्हावं लागतं. तो शर्ट मी त्याच्या अंथरुणात घालून ठेवीन, म्हणजे ज्या दिवशी तू त्याला न्यायला येशील त्या दिवशी तू त्याला परका वाटायचा नाहीस. दिवसभर अंगात घातलेला पाहिजे. धुवू नकोस. आणि मला तुझा स्वभाव माहीत आहे, म्हणून सांगते: इस्त्री तर मुळीच करू नकोस.